ऑटिस्टिक मूल अठराचं होण्याआधी: काय शिकवायचं, कुठे आणि किती खर्चात

मूल चौदा वर्षांचं झालं की या कामाला हात घाला. सोळाचं असेल तर आजच. सतरा उलटली असतील तर क्रम बदला: आधी कागदपत्रं, मग बाकीचं.

घाई एवढ्यासाठी की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरा पूर्ण झाली की तो संपतो. शाळेची व्हॅन दारात यायची थांबते. त्याच दिवसापासून आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत त्याचीच सही मागतात. व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रात प्रवेशाला गेलात तर गुणपत्रिकेआधी विचारतात की तो स्वतः स्वच्छतागृहात जातो का, एका जागी किती वेळ काम करतो, अनोळखी माणसाचं ऐकतो का. या तीन प्रश्नांची उत्तरं चार वर्षांच्या सरावातून येतात, चार महिन्यांच्या नाही.

यादी करा, पण छोटी

शिकवायच्या गोष्टी लिहायला बसलात तर दोनशे निघतील. एका प्रश्नाने त्या छाटा: हे काम याने केलं नाही, तर दुसऱ्या कुणाला याच्यासाठी करावं लागेल का? दात घासणं, अंघोळीत पाठ धुणं, ताट वाढून घेणं, औषध वेळेवर घेणं, दाराला कडी घालणं यांचं उत्तर ‘हो’. मणी ओवणं, रंग जुळवणं, लाकडी खुंट्या पाटीत बसवणं यांचं ‘नाही’. चौदा वर्षांचा मुलगा केंद्रात अजून खुंट्याच बसवत असेल, तर पुढच्या महिन्याची फी भरण्याआधी शिक्षकांना भेटा आणि कार्यक्रम बदलून मागा.

यादीसाठी महागडं मूल्यमापन लागत नाही. बौद्धिक दिव्यांगत्वासाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली ‘एफएसीपी’ ही तपासणी सूची अनेक विशेष शाळांत वापरतात. मूल शाळेत असेल तर तिची भरलेली प्रत मागून घ्या, तिला पैसे पडत नाहीत. खासगी केंद्रात नव्या मूल्यमापनाला दोन ते पाच हजार सहज सांगतात. वर्षाच्या आतला अहवाल हातात असेल तर पुन्हा भरू नका.

एका वेळी तीनच कामं घ्या: एक शरीराचं, एक घरातलं, एक बाहेरचं.

दूध आणण्याचं काम जवळून पाहू

समजा बाहेरचं काम दूध आणण्याचं ठरलं. आधी त्याच्या पायऱ्या लिहा: पिशवी घेणं, पैसे खिशात टाकणं, चप्पल, जिना, रस्ता, दुकानासमोर थांबणं, ‘अर्धा लिटर दूध द्या’ म्हणणं किंवा तसं लिहिलेलं कार्ड दाखवणं, पैसे देणं, सुट्टे घेणं, परत येणं, दूध फ्रिजमध्ये ठेवणं. शिकवायला सुरुवात शेवटच्या पायरीपासून करा. पहिले काही दिवस सगळं तुम्ही करा, दूध फ्रिजमध्ये मात्र त्याने ठेवायचं. ते पक्कं झालं की पिशवी घेऊन जिना चढणंही त्याचं. मग सुट्टे घेणं. असं मागे मागे सरकत दुकानापर्यंत या. उलटा क्रम अशासाठी की रोज काम त्याच्या हातून पुरं होतं, अर्धवट सुटत नाही.

हिशेब येत नसेल तर थांबू नका. ‘एक नोट जास्त’ ही रीत शिकवा: किंमत ३४ रुपये, तर दहाच्या चार नोटा, ५८ रुपये, तर सहा. फक्त दहापर्यंत मोजता आलं की रोजची खरेदी जमते.

मागे उभं राहून ‘आता पैसे दे, आता पिशवी धर’ असं बोलत राहू नका. तोंडी सूचनांची सवय लागली की तुमच्या आवाजाशिवाय पुढचं पाऊल पडत नाही, आणि ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ जातो. त्याऐवजी पायऱ्यांचे फोटो काढा. छापून लॅमिनेशन केलंत तर दीड-दोनशे रुपयांत काम होतं. मोबाइलमध्ये ठेवलेत तर खर्च नाही. दुकानदाराला एकदा आधी भेटा. सांगा, ‘तो बोलायला वेळ घेईल. माझ्याकडे नको, त्याच्याकडे बघून विचारा.’ वेळ सकाळी सातची नको, दुपारी तीनची धरा. गर्दी आणि मिक्सरचा, लाउडस्पीकरचा आवाज अनेक ऑटिस्टिक मुलांना सहन होत नाही. सरावाच्या पहिल्या महिन्यात त्याची परीक्षा घेण्याचं कारण नाही.

आणि दुकान बंद असलेल्या दिवशी मुद्दाम न्या. इथेच बहुतेक सराव कोसळतो. नियम आधी चित्रात काढून ठेवा: हे दुकान बंद, तर पुढचं, तेही बंद, तर घरी. ठरल्यापेक्षा वेगळं घडलं की काय करायचं, हे कामाइतकंच पक्कं करून घ्यावं लागतं.

एका कामाला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ धरा. ‘पंधरा दिवसांत स्वावलंबन’ असं लिहिलेल्या शिबिराचे पैसे वाचवा.

शरीराची कामं लांबणीवर टाकू नका

मुलीला पाळी येण्याआधी पॅड लावण्याचा सराव द्या. अंतर्वस्त्रावर पॅडच्या आकाराची रेघ कपड्याच्या पेनाने आखा, पॅड त्या रेघेत बसलं पाहिजे. मऊ, कडक, पंख असलेली, नसलेली अशी दोन-तीन प्रकारची पाकिटं आणून तिच्या त्वचेला कोणतं चालतं ते पाहा. बदलण्याची वेळ गजरावर ठेवा, ‘वाटेल तेव्हा’ वर नको.

मुलाच्या दाढीसाठी ब्लेडपेक्षा ट्रिमर सुरक्षित. साधारण हजार-दीड हजारात मिळतो. पण त्याचा गुणगुणाट कानाला झोंबत असेल तर आठवडाभर तो नुसता बंद हातात द्या, मग दुसऱ्या खोलीत चालू करा, मग जवळ.

अंघोळ, कपडे बदलणं आणि लैंगिक भावना यांसाठी एकच ठाम नियम लागतो: स्वतःच्या खोलीत किंवा न्हाणीघरात, दार लावून. तो पाळायचा तर तुम्हालाही दार वाजवून आत जावं लागेल. अंघोळ घालायला कितीजण जातात ते मोजा आणि ती संख्या दर सहा महिन्यांनी कमी करा. ‘नाही’ म्हणायला शिकवा आणि घरात त्या ‘नाही’चा मान ठेवा. सगळ्यांचं सगळं निमूट ऐकणारं मूल शहाणं म्हणून कौतुकाचं ठरतं, पण धोका त्यालाच सर्वांत जास्त असतो. बोलता येत नसेल तर तक्ता किंवा टॅबवर ‘नको’, ‘दुखतंय’, ‘याने हात लावला’ ही चित्रं असलीच पाहिजेत.

पैसे, फोन, बस

बचत खातं अठराच्या आधी उघडा. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः खातं चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. मर्यादा बँक ठरवते. सहीचा सराव याच खात्यासाठी सुरू करा. अठराव्या वर्षी नवी सही आणि केवायसी पुन्हा होते, तेव्हा हात बसलेला हवा.

फोनवरून पैसे देण्यासाठी ‘यूपीआय सर्कल’ पाहा. खातं तुमचं, पण त्याच्या फोनवरून तो पैसे देऊ शकतो. पूर्ण मुभा दिलीत तर महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपये, आणि त्याखाली तुम्ही हवी ती मर्यादा घालू शकता. अर्धी मुभा दिलीत तर प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी लागते. सुरुवात अर्ध्या मुभेने, महिन्याला पाचशे रुपयांपासून करा. स्वतःचा पिन तो कुणीही विचारला की सांगून टाकेल, हे गृहीत धरून चाला.

बससाठी एकच मार्ग, एकच वेळ. पहिले काही आठवडे शेजारी बसा, मग मागच्या बाकावर, मग स्टॉपवर उभे राहा. गळ्यात किंवा खिशात नाव, दोन फोन नंबर आणि ‘मला बोलायला वेळ लागतो’ एवढंच लिहिलेलं कार्ड. घराचा पत्ता त्यावर नको. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. महापालिकांच्या बससेवांचे पास वेगळे असतात, ते डेपोत विचारा.

कुठे जायचं, किती पडतं

फुकट आणि स्वस्त पर्याय आधी बघा. जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेत मूल असेल तर समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक मोफत मिळतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, तोंडी विचारणा हवेत विरते. जिल्ह्याच्या दिव्यांग सक्षमीकरण कार्यालयात (पूर्वी हे काम समाजकल्याणकडे होतं) अनुदानित विशेष शाळांची आणि अठरा वर्षांवरील कार्यशाळांची यादी मागा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘विकास’ योजनेतली दिवसभराची केंद्रं १० वर्षांवरील मुलांसाठी असतात. नवी मुंबईत खारघरला सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आणि नागपूरला संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. तिथे मूल्यमापन आणि मार्गदर्शन अत्यल्प शुल्कात होतं, पण नंबर लागायला वेळ जातो.

स्वयंसेवी संस्थांमध्ये मुंबईत जय वकील आणि एसपीजे साधना, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आणि कामायनी ही जुनी नावं. मुंबईतला ‘फोरम फॉर ऑटिझम’ हा पालकांचा गट आहे. कुठल्या केंद्रात प्रत्यक्ष काय चालतं, हे माहितीपत्रकापेक्षा तिथे मूल घालणारे पालक नेमकं सांगतात.

खासगी थेरपीला मुंबई-पुण्यात ४५ मिनिटांच्या सत्राला साधारण ६०० ते १,५०० रुपये पडतात. आठवड्याला तीन सत्रं धरली तरी महिन्याला सात ते अठरा हजार. चौदा वर्षांनंतर यातली निम्मी सत्रं बंद करून ते पैसे आणि तो वेळ बाहेरच्या सरावाला द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. खोलीत खोट्या नोटांनी केलेली खरेदी दुकानात जशीच्या तशी उतरत नाही. नवीन जागी ते काम या मुलांना बहुतेक वेळा पुन्हा शिकावं लागतं. मग सुरुवातच दुकानातून का करू नये? थेरपिस्टला विचारा: यातलं एक सत्र बाजारात, बसमध्ये किंवा आमच्या स्वयंपाकघरात घ्याल का? काहीजण आनंदाने येतात, जाण्यायेण्याचे दोन-तीनशे जादा घेतात. तो खर्च वसूल होतो.

व्यावसायिक केंद्र निवडताना तीन गोष्टी डोळ्यांनी पाहा. दुपारी अडीचला न सांगता जा. त्या वेळी मुलं काम करतात की टीव्हीसमोर बसलेली असतात? एका शिक्षकामागे किती मुलं? आणि तयार वस्तू विकल्यावर मुलाच्या हातात महिन्याला किती पडतं? वर्षभर पणत्या आणि कागदी पिशव्या बनवून घेऊन मानधन शून्य देणारं केंद्र तुमच्याकडून फी घेऊन तुमच्याच मुलाकडून काम करून घेतं आहे.

न सांगितलेले खर्च

फी विचारताना नुसता महिन्याचा आकडा ऐकून उठू नका. प्रवेश शुल्क, दर वर्षीचं पुनर्मूल्यांकन, साहित्य, सहल, गणवेश, वाहन, सुट्टीतल्या महिन्याची फी हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. मूल आजारी पडलं तर सत्र पुढे मिळतं की बुडतं? शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस) ठेवण्याची अट शाळेने घातली तर तिचा पगार बहुधा तुमच्या माथी येतो, महिन्याला दहा ते पंचवीस हजार. ती अट लेखी मागा. लेखी देताना बऱ्याच शाळा मवाळ होतात.

सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका, कितीही सूट असली तरी. महिन्याचं भरा, पावती घ्या. पैसे परत द्यायला टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही.

शिकवणाऱ्याची नोंदणी तपासा. विशेष शिक्षक, वाचा उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा क्रमांक असतो आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. क्रमांक विचारल्यावर राग येणाऱ्याकडे मूल सोपवू नका.

आणि स्टेमसेल उपचार. लाखांत बिल होतं, घर गहाण टाकून पालक ते भरतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असं सांगितलं आहे. शरीरातले धातू काढण्याचं औषध, ऑक्सिजनच्या पेटीत बसवणं यांनीही ऑटिझम जात नाही. त्या पैशांत एका माणसाला दोन-तीन वर्षं पूर्ण वेळ तुमच्या मुलासोबत बस, बाजार आणि स्वयंपाक शिकवायला ठेवता येईल.

कागदपत्रं: कोणती, कुठे, किती दिवसांत

आधार पहिलं. १५ ते १७ या वयात बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद अद्ययावत करणं मोफत आहे, त्या मुदतीतच उरका. जाण्याआधी घरी सराव घ्या: काचेवर चार बोटं दाबून दहापर्यंत मोजणं, डोळे उघडे ठेवून एका ठिपक्याकडे बघणं. केंद्र सकाळी उघडतानाचं पहिलं टोकन घ्या.

मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन कार्डाच्या सरकारी संकेतस्थळावर, शुल्क शून्य. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने वैद्यकीय अहवाल लागतात. तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार अर्जानंतर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. बाहेर फिरणारे एजंट दोन-तीन हजारांत ‘टक्के वाढवून’ देतो म्हणतात. पैसे तर जातातच, खोट्या प्रमाणपत्राचा गुन्हाही अंगावर येतो. ऑटिझमचं मोजमाप ‘ईसा’ या ४० मुद्द्यांच्या भारतीय श्रेणीवर करतात. उत्तरं देताना मुलाचा सर्वांत चांगला दिवस सांगू नका, नेहमीचा दिवस सांगा. ‘करतो तो’ म्हणणं आणि ‘चार वेळा सांगून, हात धरून करतो’ म्हणणं यात गुणांचा मोठा फरक पडतो. घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ मोबाइलमध्ये न्या. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा.

निरामय विमा: राष्ट्रीय न्यासाची योजना, वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही. नोंदणी दारिद्र्यरेषेवरील कुटुंबाला ५०० रुपये, खालील कुटुंबाला २५०. नूतनीकरण अनुक्रमे २५० आणि ५०. ठराविक थेरपीचा खर्चही मिळतो, पण प्रत्येक प्रकाराला वेगळी मर्यादा आहे. पैसे आधी तुम्ही भरायचे, मग परतावा. म्हणून प्रत्येक सत्राची सही-शिक्क्याची पावती हवी. कच्च्या चिठ्ठीवर दावा फेटाळला जातो. एखादी संस्था नोंदणीला हजार रुपये मागत असेल तर वरचे कशाचे ते विचारा.

आयकरात ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट आहे. मात्र ती जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही. ऑटिझमसाठी नुसतं यूडीआयडी पुरत नाही. १०-आयए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नमुन्यात सरकारी रुग्णालयाचं किंवा मेंदूविकारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडीच्या तपासणीलाच तो नमुना सोबत न्या, दुसरी खेप वाचते.

कमी उत्पन्न असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि अनुदान आता महिन्याला २,५०० रुपये. ग्रामपंचायती आणि महापालिकांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. यंदा त्यातून काय देणार, हे लेखी विचारा. आईवडिलांपैकी कुणी सरकारी नोकरीत असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाचं नाव निवृत्तीआधीच कार्यालयात नोंदवा. तुमच्या पश्चात ते काम भावंडांना फार जड जातं.

शेवटी पालकत्व. अठरानंतर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. शुल्क नाही, वकील लागत नाही. वयाचा पुरावा, दिव्यांगत्व प्रमाणपत्र, तुमची आणि मुलाची ओळखपत्रं आणि फोटो जोडा. नेमणूक झाली की सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. ही अट अर्ज भरताना सहसा कुणी सांगत नाही. पण बँकेने सांगितलं म्हणून डोळे झाकून अर्ज करू नका. मुलाला स्वतःचे निर्णय थोड्या मदतीने घेता येत असतील तर पूर्ण पालकत्वाची गरज नसते. २०१६ च्या कायद्यात ठराविक कामापुरतं, ठराविक काळापुरतं मर्यादित पालकत्व आहे, आधी ते विचारा.

मतदार नोंदणी अठरा पूर्ण झाली की लगेच करा. फॉर्म ६, ऑनलाइन, मोफत. ऑटिझम आहे म्हणून नाव नाकारता येत नाही. न्यायालयाने मनोरुग्ण ठरवलेलं नसेल तर हक्क शाबूत आहे. कुणी अर्ज घ्यायला नकार दिला तर कारण लेखी मागा.